सहावा स्पीकर

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास घरातली धाकटी मुलगी एक जड लाकडी स्पीकर कडेवर घेऊन दुकानाच्या तीन पायऱ्या चढली, तेव्हा तिच्या डोक्यात भूतबित काही नव्हतं. तिला रिसीव्हर हवा होता. म्हणजे असा डबा, की ज्याला एकीकडून टीव्ही जोडायचा, दुसरीकडून पाच स्पीकर जोडायचे, आणि मग घरातल्या घरात थिएटर. सांगायला सोपं आहे. पण या सोप्या कामाने तीन महिने तिच्या नाकी नऊ आणले होते.

दोन रिसीव्हर आणून झाले, दोन्ही परत गेले. पंधरा-वीस मिनिटं झकास वाजायचे, तापायचे, आणि सिनेमा ऐन रंगात आला की मुकाट्याने बंद पडायचे. शेवटी आई म्हणाली होती, "वाजत नाहीत तर ठेवायचे कशाला? लाकूड चांगलं आहे, कुणाचं तरी कपाट होईल." हे अगदी कोरड्या आवाजात म्हणाली आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. रविवारी सकाळी सुतार येऊन पाचही स्पीकर घेऊन जाणार होता.

स्पीकर बाबांनी केलेले होते. बाबा फर्निचरच्या कारखान्यात फोरमन. एकाच मोठ्या फळीतून त्यांनी पाचही पेट्या कापल्या होत्या, आणि वाजवणारं यंत्रही स्वतःच जुळवलं होतं. बाबा गेले त्याच आठवड्यात ते यंत्रही गेलं. तेव्हापासून अकरा महिने आई हॉलमधल्या सोफ्यावर बसली नव्हती. जेवण स्वयंपाकघरात, पेपर स्वयंपाकघरात, आलेल्या पाहुण्यांशी बोलणंही दारात उभं राहूनच. स्पीकर वाजले की आई बाहेर येईल, असं धाकटीने मनाशी धरलं होतं. कुणाला बोलली नव्हती.

दुकानदाराला सगळे कानसेन म्हणत. कानांत केसांचं रान, पण त्या रानातून सुईचा आवाजसुद्धा निसटत नसे. त्याने स्पीकर टेबलावर ठेवला, बोटाच्या पेराने टकटक केली, आणि खूश होऊन मान हलवली.

"पेटी कुणी केली?"

"बाबांनी."

"हातात कला आहे माणसाच्या." त्याने मागचं झाकण उघडलं. "तुम्ही आधीच्या दुकानात काय सांगितलंत, ताई? किती ओहम?"

"आठ. आत लिहिलंय की आठ."

"दोन ठिकाणी लिहिलंय. आत दोन स्पीकर आहेत, प्रत्येकावर आठ. वडिलांनी ते शेजारीशेजारी जोडलेत." त्याने मीटरच्या दोन सुया तारांना टेकवल्या. "म्हणजे विजेला अडथळा निम्मा, मिळून चारच. टाकीला एक नळ लावला काय आणि दोन लावले काय, फरक पडतोच ना? तुमचे ते डबे एका नळाचे होते, दोन नळांना पाणी पुरवता पुरवता धापा टाकत होते बिचारे."

धाकटीने कपाळाला हात लावला. ती जमीन मोजणारी. हाताखालच्या पोरांना रोज दरडावणारी, की जुन्या नकाशावरचा आकडा उतरवायचा नाही, जागेवर जाऊन मोजायचं. आणि घरच्या स्पीकरवरचा आकडा मात्र तिने तीन महिने देववाणीसारखा उतरवून घेतला होता.

"लोक रिसीव्हरची बटणं मोजतात," कानसेन मागच्या फळीवरून एक ठोकळा उतरवता उतरवता म्हणाला. "स्पीकर काय मागतो ते कुणी विचारत नाही. हा घ्या. चार ओहमला चालेल असं मागे स्पष्ट लिहिलंय. आणि उचलून बघा."

उचलून बघितल्यावर तिला दम लागला.

"लागला ना दम? म्हणजे त्याला लागणार नाही." मग त्याने तिच्या हातावर बटणाएवढा काळा मायक्रोफोन ठेवला. "हा नुसता ऐकतो. जिथे बसणार तिथे कानाच्या उंचीवर ठेवायचा, आणि गप्प राहायचं. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज काढतो, आणि कोण किती लांब आहे ते मोजतो."

मोजणारं यंत्र म्हटल्यावर धाकटी तिथेच विरघळली.

दुपारी तीनपर्यंत सगळ्या तारा जोडून झाल्या. तिने पडदे ओढले, सोफ्यावर आईच्या जागी आपलं मोजणीचं तीन पायांचं तिकाटणं उभं करून त्यावर मायक्रोफोन बसवला. आणि तिला एकदम हसू आलं, कारण बाबा हेच काम मायक्रोफोनशिवाय करायचे. सिनेमा लावायच्या आधी आईने सोफ्यावर डोळे मिटून बसायचं. बाबा पायमोज्यांत, मांजराच्या पावलांनी हॉलभर फिरायचे आणि मधेच जिभेने टक् करायचे. आईने बोट दाखवायचं. टक्, बोट. टक्, बोट. दर वेळी थोडं जवळ. शेवटचं टक् अगदी कानाशी व्हायचं, आणि आई न बघता बाबांच्या खांद्यावर चापट मारायची. म्हणे, स्पीकर नीट ऐकायचे तर आधी कान जागे व्हायला हवेत. आईचं बोट कधी चुकल्याचं धाकटीला आठवत नव्हतं.

तिने बटण दाबलं. पाचही स्पीकरमधून एकेक करून फरफर असा आवाज निघाला आणि थांबला. खोलीत चिडीचूप झालं. टीव्हीच्या पडद्यावर आकडे उमटले. पुढचे दोघे दोन मीटर ऐंशी, मधला दोन सत्तर, बाजूचे दोघे एक नव्वद. टेपने मोजल्यासारखे चोख. धाकटी आता टाळ्या पिटणार, तेवढ्यात खाली आणखी एक ओळ आली.

मागचा, मधला : ४.२०

असा स्पीकर घरात नव्हता.

तिने रिसीव्हरच्या मागे वाकून पाहिलं. त्या जागचे स्क्रू रिकामे होते. मग तिने तिच्या धंद्याला साजेसं केलं. टेप काढला आणि मायक्रोफोनपासून मागे चार मीटर वीस मोजले. टेपचं टोक बाबांच्या कामाच्या टेबलापाशी, त्यांच्या स्टुलावर टेकलं.

तिने दुकानात फोन लावला.

"भिंतीवरून आवाज परततो, मशीन फसतं," कानसेन आरामात म्हणाला. "तार सैल असेल, बघा."

"काका, तारच नाहीये."

"नाहीच?"

"नाहीच."

"मग... काही सापडायलाच नको. परत मोजा, ताई."

तिने परत मोजलं. पाचही आकडे जागच्या जागी. सहावा : २.१०. टेबल आणि सोफा यांच्या बरोबर मधे, जिथे नुसती मोकळी फरशी होती. आणि त्या फरशीवरून ताज्या, नुकताच रंधा मारलेल्या लाकडाचा वास येत होता. अकरा महिन्यांत घरात कुणी लाकडाला हात लावला नव्हता. गंमत अशी, की धाकटीला भीती वाटत होती आणि तरीही पळावंसं वाटत नव्हतं.

"काय गं, कुणाशी कुजबुजतेयस?" आई हात पुसत दारात आली होती.

धाकटीने पडद्याकडे बोट केलं. आईने चष्मा लावून ओळ वाचली. मग वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं.

"आधी कुठे होता हा?"

"टेबलापाशी... आता इथे."

"हं," आई म्हणाली. "ह्यांना कधी दम नव्हताच."

आणि ती चालत आली, तिकाटणं जरा बाजूला सारून सोफ्यावर आपल्या जागी बसली. मायक्रोफोन तिच्या कानाशेजारी आला. धाकटीला रडू फुटायचंच बाकी राहिलं. ती हळूच आईच्या शेजारी टेकली.

"आई, नको वाटत असेल तर..."

"लाव गं तू."

आईने डोळे मिटले. डावीकडून फरफर, आईचं बोट डावीकडे. उजवीकडून, बोट उजवीकडे. मधून, मग दोन्ही बाजूंनी. पाच झाले. रिसीव्हर थांबला, खोली थांबली. स्वयंपाकघरातल्या नळाचा एक थेंब पडलेला ऐकू आला.

टक्.

कुठल्याच स्पीकरमधून नाही. आईचं बोट खांद्यावरून सरळ मागे गेलं.

टक्. बोट थोडं वळलं. आई आता ओठ दाबून हसत होती, लग्नात अंगठी शोधायचा डाव खेळणाऱ्या नवरीसारखी.

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. सहावी ओळ आपोआप बदलत होती. ०.९०. ०.४०. ०.१०. मग ०.००. आजवरच्या नोकरीत तिने दोन खुणांमधलं अंतर शून्य असं कधी लिहिलं नव्हतं.

टक्, असं मायक्रोफोनमधून आलं. त्या नुसत्या ऐकणाऱ्या बटणातून.

आईने न बघता चापट मारली. हात हवेतून जायला हवा होता. तो मधेच अडला, आणि सदऱ्यावर बसावी तशी चापट वाजली.

आई पोट धरधरून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि ते बघून धाकटीही हसायला लागली.

"त्या सुताराला फोन कर," आई डोळे पुसत म्हणाली. "येऊ नको म्हणावं. आणि सिनेमा लाव. आणि सरक जरा पलीकडे."

धाकटीने तिन्ही गोष्टी केल्या. रिसीव्हर अडीच तास वाजला, एकदाही बंद पडला नाही, हात लावून पाहिला तर कोमटसुद्धा झाला नव्हता. बाबांच्या पेट्या अशा घुमल्या की कपाटातल्या बश्या किणकिणल्या.

फक्त, सरकताना तिने मागे वळून पाहिलं होतं. ती आधी बसली होती तिथला गादीतला खळगा भरून वर आला नाही. उलट थोडा आणखी खाली गेला, आणि सिनेमा संपेपर्यंत तसाच राहिला.