शनिवारी चारचा ठिपका

खेळांच्या कंपनीच्या दारात तो उभा राहिला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता. त्याच्या कडेवर रेनकोट पांघरलेला संगणक मात्र ठणठणीत कोरडा.

"हा आजारी नाही," तो म्हणाला. "तुम्हीच याला मेलेला ठरवलाय. शुक्रवारपासून याच्यावर खेळ बंद, अशी सूचना आलीय."

नेमकी तीच समोर आली होती. कंपनीचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ जुन्या, बत्तीस-बिट संगणकांवर चालवणारा प्रोग्रॅमचा भाग तिनंच लिहिलेला, नोकरीतलं पहिलं काम. येत्या शुक्रवारी तो काढून टाकायचं कामही तिच्याच गळ्यात.

खरं तर तो भाग सहा महिन्यांपूर्वीच जायचा होता. पण जुन्या यंत्रांवर कोण खेळतंय ते दाखवणाऱ्या आलेखावर एक ठिपका उरला होता – दर शनिवारी, दुपारी चारला. त्याच्यापायी तिनं साहेबांकडे तीनदा मुदत मागितली. सहकारी विचारायचे, "काय गं, ठिपका काय म्हणतोय?"

"जिंकतोय," ती म्हणायची.

"शनिवारी चारला खेळणारे... तुम्हीच?" तिनं आता त्याला विचारलं.

"छे, आत्या. चौऱ्याहत्तरची आहे. रस्ता ओलांडताना माझा हात धरते, शर्यतीत कुणाला पुढे जाऊ देत नाही. माझं दुरुस्तीचं दुकान आहे. नवा देतो म्हटलं तर म्हणते, तू जुना झालास म्हणून तुला बदलला का?"

तिनं झाकण उघडलं. आत धुळीचा कण नाही. एकेक वायर दोऱ्यानं बांधलेली.

"एकोणीस वर्षं," तो छाती काढून म्हणाला. "एकदाही बंद पडला नाही."

"आणि त्यावर आमचा खेळ?"

"तोही नाही. कुणी लिहिलाय कोण जाणे..."

"मी," ती म्हणाली. तिचीही मान ताठ झाली होती.

त्याच्या नाकावरून पाणी टपकत होतं. तिनं रुमाल दिला. त्यानं आधी संगणकावर पडलेला थेंब पुसला... तिथंच तिचा निकाल लागला.

शुक्रवारी तिनं जुना भाग काढला. पण त्याआधी, साहेबांच्या परवानगीनं, एक शेवटची आवृत्ती बांधली – कंपनीच्या सर्व्हरला काही न विचारता स्वतःच्या हिमतीवर चालणारी.

ती आवृत्ती न्यायला तो आला आणि दारात घुटमळला. "म्हणजे आता आम्ही आलेखावर दिसणार नाही?"

"नाही."

"मग आत्या जिंकली ते तुम्हाला कळणार कसं?"

"शनिवारी चारला... मी मोकळी असते."

त्या शनिवारी आत्यानं तिला नऊदा हरवलं आणि भाच्याला म्हणाली, "हिला गाडी येत नाही. पण रस्ता पक्का बांधलाय हो पोरीनं."

सोमवारी सहकाऱ्यांनी विचारलं, "काय गं, गेला ना ठिपका?"

"गेला की," ती ताठ मानेनं म्हणाली. "पाचला मला न्यायला येतोय."