कात्री नाही, कागद फिरव

ऑक्टोबर संपत आला होता. लोगन गावातल्या, फोटोंचे अल्बम सजवायच्या त्या चिमुकल्या दुकानात शनिवारी कागद कापत बसलेल्या बायकांची ही गर्दी! आणि नेमका तेव्हाच एक उंचापुरा तरुण दार ढकलून आत आला. टोपीवर भुरभुरता बर्फ, काखेत बुटांचा खोका. दहा कात्र्या एकदम थांबल्या.

"मथळ्यांची तयार अक्षरं तिकडे आहेत," काउंटरमागून लोरली म्हणाली.

"तयार नकोत." तो टोपी हातात घोळवत राहिला. "हातानं कापलेली... माझी आई कापायची तशी."

त्याचं नाव थेन नेबेकर. घरच्या गाई, दुधाचा धंदा. आई वसंतात गेली. चार मुलांचे चार अल्बम तिनं करायला घेतले होते. तीन झाले, धाकट्या बहिणीचा, केलीनचा, अर्धा राहिला. खोक्यात आईचे रंगीत कागद आणि तिची कात्री होती. फोटो लावलेले, पण पानापानावर मथळ्याची जागा रिकामी. आणि केलीनचं लग्न डिसेंबरात.

"द्या, मी कापून देते."

"नको, कापणार मीच. तुम्ही फक्त शिकवा."

लोरलीनं त्याचे रुंद, खरखरीत पंजे पाहिले. "या हातांनी?"

"गाईंची तरी अजून तक्रार नाही."

मागच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. लोरलीचे कान मात्र उगाचच तापले.

मग दर शनिवारी तो येऊ लागला. तेव्हा फोटो धुऊन आणावे लागत, फोन भिंतीवर असत, आणि एका मथळ्यात अख्खी दुपार सहज निघून जाई. अक्षर कागदाच्या पाठीवर उलटं काढायचं, आधी पोटातलं भोक कापायचं, मग बाहेरची कड...

"कात्री नाही, कागद फिरव!" तिसऱ्या शनिवारी ती ओरडली, आणि आपण त्याला अरे-तुरे केलं हे तिच्या लक्षात आलं.

त्याच्याही आलं. "फिरवतो, बाई. तू म्हणशील तसा."

'पहिली सायकल' या पानाचं एक अक्षर काही केल्या जमेना. तीनदा फाटलं. तो गरम चॉकलेट आणायला गेला तेवढ्यात लोरलीनं झरकन ते कापलं आणि त्याच्या ढिगात सरकवलं. परत येताच त्यानं ते उचललं.

"हे माझं नाही."

"कशावरून?"

"सरळ आलंय." त्यानं ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि चौथ्यांदा कात्री घेतली. पानावर गेलं ते त्याचंच, वाकडं.

"मग माझं परत दे ना!"

"का? तुझ्या हातचं दुसरं काय आहे माझ्याकडे?"

ती कागदाचे कपटे गोळा करत राहिली...

डिसेंबर लागताच दूर मिनेसोटातल्या मिनियापोलिसहून पत्र आलं. कागदांवर नक्षी काढण्याची नोकरी, जानेवारीपासून. दोन वर्षं ती याच पत्राची वाट पाहत होती. तिनं थेनला सांगितलं. त्याची कात्री क्षणभर थबकली.

"छान," तो म्हणाला. "खरंच छान."

पुढच्या शनिवारी तो आलाच नाही. एक पान अजून बाकी होतं. लोरलीची नजर सारखी दाराकडे.

"असं बघून दार उघडत नसतं, पोरी," मालकीण आर्डिथबाई म्हणाल्या.

आली ती केलीनच्या लग्नाची पत्रिका.

चर्चच्या हॉलमध्ये, एरवी पोरं खेळतात त्या बास्केटबॉलच्या जाळीखाली जेवणं चालली होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी केलीन पांढऱ्या झग्यात अल्बम उघडून बसली होती. एकेका अक्षरावरून बोट फिरवत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती. शेवटचं पानही पुरं झालं होतं. त्यानं एकट्यानं केलेलं.

"अक्षरं तोल सांभाळत उभी आहेत," लोरली म्हणाली. थेन मागे येऊन थांबलाय, हे तिला न वळताच कळलं होतं.

"गुरू अर्ध्यात निघाला, मग काय होणार!"

"आला का नाहीस त्या शनिवारी?"

"आलो असतो, तर 'जाऊ नकोस' म्हणालो असतो." तो खाली पाहत होता. "आणि तू जायला हवंस... म्हणून मनाशी एक ठरवत होतो. वाटेत वायोमिंगात जानेवारीत फार बर्फ असतो. तुझी गाडी मी चालवतो."

"आणि गाई?"

"भाऊ बघणार आहे. त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतलेत."

"माझ्या गाडीनं येणार, मग परत कसा जाशील?"

"त्याचा विचार वायोमिंग ओलांडून नेब्रास्कात गेल्यावर करू." त्याचा आवाज एकदम खाली आला. "लोरली... मला परतच यावंसं वाटलं नाही तर?"

हॉलमध्ये कुणीतरी नाचासाठी गाणं लावलं. लोरलीनं त्याचा खरखरीत हात आपल्या हातात घेतला.

"तर मिनेसोटातही गाई असतात, थेन," ती म्हणाली. "पत्र आलं त्याच दिवशी मी तिथं फोन करून विचारून ठेवलंय."