कडीला टांगलेली पिशवी

"मांजरपाटाचा भाव काय म्हणलात?"

पुन्हा तोच आवाज! अब्बांच्या कापडदुकानामागच्या पडद्याच्या फटीतून कमरुन्निसानं पाहिलं. मशिदीत पोरांना शिकवायला नवीन आलेले दस्तगीर मास्तर... उंच, हसरे, आणि अंगातल्या शेरवानीच्या कोपरांना ठिगळं. तिनं आतून ठाण पुढं केलं. मास्तरांनी कापड चाचपलं, पडद्याकडं एकवार पाहिलं आणि निघून गेले. घेतलं काहीच नाही.

तिचा जीव कळवळला. ईद तोंडावर आली आणि या माणसाला नवं कापड परवडू नये!

कमरुन्निसा म्हणजे आखाडा बाळापुरातली बोलायला फटकळ आणि द्यायला सढळ पोरगी. ईदच्या नमाजाआधी घरोघरी फितरा निघायचा. माणशी मापभर गहू गरजवंताच्या दारी गुपचूप पोचवायचे. यंदा आपल्या वाटणीचे गहू कुणाला द्यायचे, हे तिनं ठरवूनच टाकलं.

चांद दिसला, गल्लीत एकच गलका उडाला. त्या धांदलीत बुरखा ओढून ती निघाली. मास्तरांच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवली आणि झपझप मागं वळली.

"अवो, थांबा की!" मास्तर पिशवी घेऊन मागोमाग आले. "हे माझ्याकडं न्हाई चालायचं."

"मला काय ठावं कुणाची पिशवी हाय ती!"

"तुमचीच. पडद्यातून ठाण देणाऱ्या हातावर ओढणीची हीच हिरवी किनार असती."

बुरख्याआड तिचे कान तापले. ओढणीच्याच उरलेल्या कापडाची पिशवी शिवायची अवदसा कुठून आठवली!

"गरजेला लाज कसली?" ती फणकारली.

"लाज न्हाई. मी सय्यद हाय, पैगंबरांच्या घराण्यातला. सय्यदाला फितरा घेता येत न्हाई. माझ्याकडं ठेवलात तर तुमचा फितरा अदाच व्हायचा न्हाई."

"या अल्ला!"

मग दोघं निघाले, मास्तर चार पावलं पुढं. गल्लीतल्या गरीब विधवा हलीमाखालाच्या कडीला पिशवी टांगून झाली, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

"पण मग ही ठिगळं?"

"अब्बांची शेरवानी हाय. ते गेले... टाकवत न्हाई."

"आन् कापड घेत न्हाई, तर भाव काहून विचारता?"

मास्तर घुटमळले. "तो हात दिसतो का... ते बघाया येतो."

तिनं हात बुरख्यात ओढला. मग हळूच म्हणाली, "फितरा न्हाई, तर सय्यदाला काय चालतं?"

"हदिया. मायेनं दिलेली भेट."

"मग उद्या या. दुकानात न्हाई — घरी!"

नमाज झाल्यावर मास्तर त्याच शेरवानीत हजर झाले. तिचे अब्बा, खाजा मिया, उंबऱ्यातच होते.

"मास्तर, आज दुकान बंद हाय."

"दुकानात न्हाई आलो. कमरुन्निसाला मागणी घालाया आलोय."

खाजा मियांचा चेहरा उतरला. "तुमी सय्यद, आमी कापडवाले. तुमचे लोक मानतील?"

"अम्मीला मी मनवीन. बाकीच्यांना बोलू द्या. संसार मला करायचाय."

खाजा मिया उंबऱ्यातून हलेनात. आत कमरुन्निसानं पडद्याला कान लावला. अब्बांनी नाही म्हटलं, तर या दारात हा माणूस पुन्हा यायचा नाही. मग तिच्यानं राहवलं नाही. पडदा हलला. शीरखुर्म्याची वाटी घेतलेला हात बाहेर आला, त्यावर हिरवी किनार.

"अब्बा, हा त्यांच्यासाठी हदिया. त्यांना बसवा... आन् व्हय म्हणा!"

खाजा मिया आधी दचकले, मग पोट धरून हसले. "बसा मास्तर. हिच्यापुढं माझं कधी चाललंय?"

दस्तगीर मास्तरांनी दोन्ही हातांनी वाटी घेतली. या खेपेला त्यांनी काहीच परत केलं नाही.