सहीचा रकाना

आमची ओळख झाली ती मोडलेल्या सुईमुळे. शर्टाच्या कॉलरी शिवताना सुई मोडली, की तिचे सगळे तुकडे दाखवल्याशिवाय कारखान्यात नवी मिळत नसे. टोक काही सापडेना. मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक चुंबक घेऊन माझ्या पायांशी वाकला.

“कॉलरबाई, पाय उचला.”

“उचलले. आता हवेत बसू का?”

तो हसला… टोक माझ्याच बाहीत अडकलं होतं.

तेव्हा ओव्हरटाइमची सक्तीच होती. मग नियम बदलला. ज्याची इच्छा त्यानेच थांबायचं, दुप्पट दराने पैसे घ्यायचे, आणि दुपारीच वहीत तशी सही करायची.

“सुटलीस बाई,” आई म्हणाली. “आता तरी दिवसाउजेडी घरी येशील.”

पण वहीत त्याची सही दिसायची, आणि माझा हात आपोआप पेनाकडे जायचा. पाचनंतर निम्मा हॉल रिकामा. तो हमखास तेलाची बुधली घेऊन माझ्या मशीनकडे यायचा.

“हिला किती तेल पाजणार?”

“तहानलेली दिसते…”

महिनाभरात मान धरली, डोळे चुरचुरू लागले. एका संध्याकाळी मी कॉलर चक्क उलटी शिवली. उसवायला तो शेजारी बसला आणि एवढी मोठी जांभई दिली, की मला राहवलं नाही.

“एवढे दमता, तर सही कशाला करता?”

“तुम्ही रोज थांबता म्हणून.”

“मी? अहो, मी तर तुमची सही बघून—”

पलीकडे काजं करणाऱ्या मावशींनी मशीन थांबवलं. “महिनाभर बघतेय मी. जा आता घरी, दोघंही.”

दुसऱ्या दिवशी वही आली. त्याचा रकाना कोरा होता. मी लवकर घरी जावं म्हणून, की माझ्यापासून सुटायला? मी पेन उचललं, ठेवलं, आणि वही पुढे सरकवली.

पाचची घंटा झाली. फाटकाबाहेर चक्क ऊन होतं, आणि त्या उन्हात तो उभा होता. माझा महिनाभराचा शीण तिथेच उतरला.

“तुझी आई साडेपाचला घरी असते?” त्याने चालता चालता विचारलं.

“असते की. रोज वाट बघत असते माझी.”

“मग आज आपल्या दोघांना बघू दे.”