तिरकी चिठ्ठी

रविवारी सकाळी मंडईत माझ्या शेजारी एक माणूस टोमॅटो निवडत होता. एक लालबुंद, एक हिरवागार, पुन्हा एक हिरवा... आणि चेहऱ्यावर आत्मविश्वास असा, की बघत राहावं.

आमची नेहमीची भाजीवाली, वेणूबाई, शेवटी म्हणालीच, "साहेब, भाजी करायचीय का लोणचं?"

त्याचे कान तापले. तो माझ्याकडे वळला. "तुम्हीच... निवडून देता का?"

"फुकट?"

"नाव सांगा. उपकार कुणाचे ते तरी कळू दे."

"कल्याणी," म्हटलं आणि त्याची पिशवी भरून दिली. तो हसला. आधी डोळे हसले, मग तो. मला आवडलं. उगाच कशाला नाही म्हणू?

सोमवारी तोच माणूस बाणेरच्या आमच्या ऑफिसात हजर. नाव सलिल, राहायला कसबा पेठेत, आणि नेमका माझ्याच टीममध्ये!

"म्हणजे आता कामंही तुम्हीच निवडून देणार?"

"हो. आणि इथे कच्चं चालत नाही."

लीड म्हणून माझं ते पहिलंच प्रोजेक्ट. एका हॉस्पिटलच्या पेशंटना घरबसल्या डॉक्टरांची वेळ घेता यावी, एवढंच करायचं होतं. भिंतीवरच्या बोर्डावर मी सगळ्यात वर ठळक लिहिलं होतं, 'दिवाळीआधी रांग बंद'. खाली प्रत्येकाच्या कामाच्या चिकट चिठ्ठ्या. काम चालू असेल तर हिरवी, अडलं असेल तर लाल. लांबलचक मीटिंगा नाहीत, सकाळी सगळ्यांनी बोर्डासमोर उभं राहायचं, बोलायचं आणि कामाला लागायचं. मला काय हवंय ते मला पक्कं माहीत असतं, त्यामुळे टीमही निश्चिंत असायची.

श्रावणातली सर येऊन गेली की आम्ही दोघं ओल्या गच्चीवर चहा प्यायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"लीड मॅडम, कधीतरी चुकतही जा. आम्हाला बरं वाटेल."

"तू चुकतोस ना, पुरे आहे."

आणि तो खरंच चुकला. हॉस्पिटलची माणसं काम बघायला आली. बोर्डावर सलिलची चिठ्ठी हिरवी होती, म्हणून मी ऐटीत त्याचं काम उघडून दाखवायला गेले... तर ते अर्धवट! पाहुणे गेल्यावर आमच्या मॅनेजर श्यामला मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अशी चूक तो दुसऱ्यांदा करतोय. त्याच्या जागी दुसरं कोण, ते संध्याकाळपर्यंत सांग."

मी सलिलला गच्चीवर गाठलं. "काम अडलं होतं, तर हिरवी का लावलीस?"

"लक्ष नव्हतं."

"खोटं. तुझं लक्ष कुठे असतं ते मला माहितीय."

एरवी यावर तो हसला असता. आज हसला नाही, आणि मला एकदम ते हिरवे टोमॅटो आठवले. खिशातून दोन चिठ्ठ्या काढून मी त्याच्यासमोर धरल्या. "यातली लाल कुठली?"

"कल्याणी... नको ना."

मी हात मागे घेतला.

"लहानपणापासून लाल-हिरवं वेगळं दिसत नाही," तो खाली बघत म्हणाला. "मर्चंट नेव्हीत जायचं होतं. मेडिकलला बाहेर काढलं. तेव्हापासून कुणाला सांगत नाही. तूही सांगू नकोस... प्लीज. त्यापेक्षा वेंधळा म्हणून काढ."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त तो आवडला. हा माणूस टीममधून गेलेला मला चालणार नव्हता. त्याचं काम चोख होतं, हे एक कारण. दुसरं त्या दिवशी मी फक्त स्वतःशी कबूल केलं.

खाली येऊन मी सगळ्या चिठ्ठ्या उतरवल्या आणि पिवळ्या लावल्या. "आजपासून रंग बंद. काम अडलं की चिठ्ठी तिरकी लावायची. लांबून चटकन दिसते." कुणी 'का?' असं विचारलं नाही.

"नाव ठरलं?" श्यामला मॅडमनी विचारलं.

"सलिलच. आणि दिवाळीआधी झालं नाही, तर मला लीडवरून काढा."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लिहून ठेवते हं."

नवरात्र संपता संपता हॉस्पिटलची रांग बंद झाली. टीम पेढ्यांवर तुटून पडली होती, तेवढ्यात सलिल माझ्या टेबलापाशी आला. "रविवारी तुझ्या घरी येऊ? बाबांना भेटायला?"

"आणि मला कधी विचारणार?"

"आत्ता... विचारतोय ना."

"याला विचारणं म्हणतात? नीट बोल."

तो खुर्ची ओढून समोर बसला. "मला तू हवी आहेस. कायमची."

"मलाही तू हवा आहेस. मी तर केव्हाच ठरवलंय," मी म्हटलं. ठाम म्हणायचं होतं, पण आवाज कापलाच.

रविवारी तो वारज्याला आमच्या घरी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाई. माझे बाबा, दशरथ कांबळे, आयुष्यभर सरकारी खात्यात कागद तपासलेला माणूस. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"काका, आधी एक सांगतो," सलिल म्हणाला. माझ्याकडे न बघता, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून. "मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. जन्मापासून. आजवर लपवलं. तुमच्यापासून नाही लपवणार."

बाबांनी विचारलं, "आणि आमची कल्याणी? ती कळते का?"

"प्रयत्न चालू आहे."

"चालू दे. मी तीस वर्षं तेच करतोय," बाबा म्हणाले आणि मिठाईचा खोका उघडून आधी त्याच्यापुढे धरला.