डब्यातला रेओ

"तो डबा आधी बंद कर!" पुनाकाका ओरडले, आणि गावच्या सभागृहात चाललेला सराव जागच्या जागी थांबला.

पाएरूने हात वर उचलला, पण वायर काही काढली नाही. तिच्या मांडीवर सोळा रबरी चौकोनांचं एक पॅड होतं. ते लॅपटॉपला जोडलेलं, लॅपटॉप स्पीकरला. चौकोनावर बोटाने मारलं की स्पीकरमधून ढोल घुमायचा. ही सगळी चीजवस्तू तिच्या मावसभावाची, मताइओची. तो सुट्टीसाठी ऑकलंडहून इकडे रारोटोंगा बेटावर आला होता.

"गप्प बसते," पाएरू म्हणाली. "पण काका, तुमचा रेओ बदलल्यासारखा वाजतोय."

झालं! तेरा वर्षांची पोर, आणि ढोलातलं शिकवतेय कुणाला, तर पुनाकाकांना! वाजवणारी पोरं खाली मान घालून फिदीफिदी हसायला लागली.

रेओ म्हणजे आवाज. गावाच्या मुख्य ढोलाचं हे नाव. जाड खोड आतून कोरून केलेला, पोटाला लांब फट असलेला हा ढोल दोन काठ्यांनी वाजवायचा. रेओने हाक द्यायची आणि बाकीच्या ढोलांनी ओ द्यायची, अशी रीत. पाएरूचे आजोबा, ज्यांना सगळं गाव पापा तौतू म्हणायचं, तेच तो वाजवायचे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ऑकलंडला जाताना त्यांनी तो पुनाकाकांच्या हवाली केला होता. शुक्रवारी ते परत येणार होते आणि त्यानंतर लगेच बेटावरच्या सगळ्या गावांची स्पर्धा होती.

"तेल पाजलंय ढोलाला. मुरलं की खुलेल आवाज," काका म्हणाले. "आणि पोरींनी नाचावं. ढोलाच्या भानगडीत पडू नये."

"मी कुठे ढोल वाजवते? हा डबा आहे. तुम्हीच म्हणालात."

उत्तर सुचलं नाही की मोठी माणसं जे करतात तेच काकांनी केलं. दाराकडे बोट दाखवलं.

बाहेर फणसाच्या झाडाखाली मताइओने लॅपटॉप उघडला. पॅडमधला रेओचा आवाज काही इकडचा तिकडचा नव्हता. विमानात बसायच्या आदल्या दिवशी पापा तौतूंनी स्वतः काठ्या घेऊन तो रेकॉर्ड करून दिला होता. मध्यावर एक ठोका, टोकावर एक, हळू एक, जोरात एक. "बघू, माझा आवाज तुमच्या डब्यात मावतो का," असं म्हणत हसले होते ते. मग मताइओने एकेक ठोका एकेका चौकोनावर बसवला. सुरुवातीला एका चौकोनावर मारलं की शेजारचाही वाजायचा. शेवटी चौकोनांचा हळवेपणा कमी केला, तेव्हा कुठे ते आपापल्यापुरतं बोलायला लागले.

"पॅडच बिघडलं असेल तर?" मताइओ म्हणाला. "कुणीतरी सूर चढवायची खुंटी फिरवली असेल."

दोघांनी एकदम नूकूकडे पाहिलं. पाएरूचा हा धाकटा भाऊ. दिसेल ती खुंटी फिरवायची, हा त्याचा जन्मसिद्ध हक्क.

"मी नाही," नूकू म्हणाला. "म्हणजे... काल फिरवली होती, पण परत होती तिथे आणली."

मताइओने त्याला एक टपली मारली आणि खुंट्या पुन्हा मूळ जागी आणल्या. वायरी काढून घातल्या. पाएरूने चौकोन वाजवला. आवाज तोच, पापांच्या हातचा, भरदार.

"पॅड ठीक आहे," ती म्हणाली. "मग आता ढोल तपासायचा."

मंडळी जेवायला बसली. बाहेरच्या मांडवात नारळाच्या दुधातली मासळी आली म्हटल्यावर सभागृहाकडे कोण बघतंय! तिघं आत शिरली. मताइओने माइक धरला. पण काठ्या हातात घ्यायची वेळ आली तेव्हा पाएरू थबकली. पॅड वेगळं आणि हे वेगळं. या ढोलाला गावातल्या कुठल्याच मुलीने कधी हात लावला नव्हता. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला. त्याच रागाने तिने ठोका मारला.

नवा आवाज रिकाम्या चौकोनावर बसवला. मग तिने एकदा जुना चौकोन वाजवला, एकदा नवा. पुन्हा जुना, पुन्हा नवा. नूकूसुद्धा डोळे विस्फारून बघायला लागला.

"हा रेओ नाहीच," पाएरू म्हणाली. "आपला ढोल बदललाय."

पुनाकाकांनी हे ऐकून घेतलं नाही. प्लास्टिकचा डबा खोटं बोलतो, म्हणाले. पण बोलताना कान खाजवत होते, आणि काका कान कधी खाजवतात हे पाएरूला चांगलं ठाऊक होतं.

बाकीचं नूकूने वाजवणाऱ्या पोरांना डोनट चारून काढून घेतलं. शनिवारी हॉटेलात पाहुण्यांसाठी नाचगाण्याचा कार्यक्रम झाला होता. आपल्या गावाचे आणि पलीकडच्या गावाचे ढोल एकाच ट्रकमधून आले. कोरणारा कारागीर एकच. त्यात काकांनी फोटोत छान दिसावेत म्हणून सगळ्या ढोलांना एकसारखं काळं तेल फासलेलं. उतरवताना हाताला लागला तो उचलला. चूक मागाहून लक्षात आली असणार. पण स्पर्धेच्या तोंडावर पलीकडच्या गावात जाऊन "आमचा ढोल द्या" म्हणायचं? नाताळापर्यंत अख्खं बेट हसलं असतं!

"हसू दे ना," पाएरू फणकारली. "पापा परक्या ढोलावर हाक देणार का? मी आणते माझा रेओ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या हिरवळीवर पलीकडच्या गावाचा कार्यक्रम होता. त्यांचे म्होरके तिमोती दर वेळी पाहुण्यांना वर बोलावून काठ्या देत. त्यांनी हाक दिली तशी पाएरू पॅड घेऊन पुढे झाली.

"तिमोतीकाका, एक खेळ खेळू या का? मी डब्यात एक ठोका वाजवते. तसाच आवाज तुमच्या कुठल्या ढोलाचा आहे, ते पाहुण्यांनी ओळखायचं."

पाहुणे खूश झाले. आता नाही म्हणायची सोय नव्हती. मताइओने स्पीकरची वायर जोडली. पाएरूने चौकोनावर ठोका दिला. तिमोतींच्या माणसाने पहिला ढोल वाजवला. पाहुणे ओरडले, "नाही!" दुसरा वाजवला. "नाही!" तिसऱ्यावर काठी पडली आणि डब्यातून आणि लाकडातून एकच हाक आली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त तिमोतींनी. ते ढोलाकडे बघतच राहिले.

"हा पापा तौतूंचा ठोका आहे," ते हळूच म्हणाले. "पोरी, म्हणजे आमचा ढोल तुमच्याकडे?"

"हो. आणि तुम्हाला कळलं नाही?"

तिमोतींनी कान खाजवला. "कळलं होतं गं. पण विचारणार कसं? पोरांना सांगितलं, तेल मुरतंय."

पाएरू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

शुक्रवारी पापा तौतू फुलांच्या माळांनी मढून विमानतळावरून थेट सभागृहात आले. तोवर ढोलांची अदलाबदल होऊन रेओ आपल्या जागी आला होता. पुनाकाकांनी बिचाऱ्यांनी सगळं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. पापा सगळ्यांकडे पाठ करून बसले.

"डबा वाजवा," ते म्हणाले. पाएरूने त्यांनीच शिकवलेली पूर्ण हाक पॅडवर वाजवली.

"आता ढोल." पुनाकाकांनी तीच हाक रेओवर वाजवली.

सभागृहात कुणी हललं नाही.

"आवाज दोन्हीकडे एकच आहे," पापा म्हणाले. "डबा खरं बोलतो. माझा ढोल राखला या तीन पोरांनी. तुम्ही सगळे कान असून बहिरे." मग ते उठले आणि पुनाकाकांच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या. "पण पुना, हाक डब्यातलीच चांगली होती. म्हणजे काठ्या चुकीच्या हातात आहेत."

"पापा, ती मुलगी आहे," कुणीतरी मागून पुटपुटलं.

"ऑपरेशन डोळ्याचं झालंय," पापा म्हणाले. "मला दिसतंय."

आणि त्यांनी काठ्या पाएरूपुढे धरल्या. या वेळी ती थबकली नाही. तिने हाक दिली, आणि सभागृहातल्या एकूण एक ढोलाने तिला ओ दिली.