म्हसधोंडा

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर थोडं चला. सावकाश चला, आज सगळेच दमलेले आहेत. सेनगावाजवळचा एक माळ डोळ्यांपुढे आणा. निजामाच्या राज्यातली गोष्ट, कापूस वेचणीचे दिवस. ऊन कलतंय. माळावर एक काळा धोंडा आहे, दोन माणसांएवढा उंच, बसलेल्या म्हशीसारखा. सगळे त्याला म्हसधोंडा म्हणतात. हात लावून बघा... दिवसभराची ऊब अजून आहे ना त्यात?

आता वर बघा. मधोमध, घागरा खोचून, पालीसारखी चिकटलेली एक मुलगी दिसेल. ती रूपा, जवळच्या बंजारा तांड्यातली. खाली मातीत बसलेली चिमुरडी तिची धाकटी बहीण, जिवन.

"उतरता येईना काय?" पायवाटेवरून आवाज आला.

"चढून राहिले," रूपा खाली न बघता म्हणाली.

"लई वेळ झाला, एकाच जागी हायेस."

"इचार करून राहिले. तुमी न्हाई करत कधी?"

"आमी लोखंडावर चढतो. हिंगोलीच्या टेसनात पाण्याची टाकी हाय, तिचा गंज खरवडतो. तिथं इचार केला की मुकादम शिव्या देतो."

रूपाला हसू आलं, आणि हसताना पकड सुटली. ती घसरत खाली आली ती थेट त्याच्या पायांजवळ. गडी उंच, काटक. नखांत तांबडा गंज. नाव वसराम, पलीकडच्या तांड्यातला.

"दिवसभर कापूस वेचून वर हे काहून?" त्याने विचारलं. "दमत न्हाईस?"

रूपाने कोरडी माती तळहातांना चोळली. "तो थकवा मालकाचा. हा माझा."

वसरामने वहाणा काढल्या आणि धोंड्याला हात घातला. पण टाकीच्या लोखंडाला मूठ वळते, धोंड्याला वळत नाही. तो तीनदा आपटला.

"ह्यांना येत न्हाई," जिवनने सांगून टाकलं.

"शिकवा की मग," वसराम म्हणाला. म्हणाला जिवनला, पण बघत होता रूपाकडे...

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी तो गावाकडे आला की वाट वाकडी करून माळावर यायचा. दोघंही थकलेले असायचे, त्यामुळे बोलणं कमीच. "इथं बोट. न्हाई, तिथं न्हाई... इथं." ती त्याचं बोट धरून खाचेत ठेवायची, आणि मग ते धरलेलं बोट सोडायला उगाच उशीर व्हायचा. एकदा बापाबरोबर ती हिंगोलीला गेली, तेव्हा त्याने मुकादमाची नजर चुकवून तिला टाकीच्या आडव्या दांड्यांवर चढवलं.

"काय दिसतंय?" खालून वसराम.

"कौलं. आन् एक येडं माणूस, वर बघून राहिलंय."

दोन्ही तांड्यांना कळायला फार दिवस लागले नाहीत. कुळं वेगळी, म्हणजे सोयरीक चालणारी, आणि माणसं चांगली. नाही म्हणायला कारणच नव्हतं. वसरामच्या याडीने, म्हणजे आईने, चुडाही पाठवला. लग्न झालेल्या बाईने कोपराच्या वर, दंडभर घालायच्या हाडाच्या पांढऱ्या, रुंद बांगड्या.

आणि त्या दिवसापासून रूपा धोंड्यावर चढली नाही.

पुढच्या बाजाराला वसराम आला, तर ती धोंड्याला टेकून बसलेली. मांडीवर चुड्याचं गाठोडं. शेजारी जिवन.

"राग आला?"

"न्हाई. दमले."

"माझ्यापाई?"

"तुमी आवडता मला," रूपा इतक्या हळू म्हणाली की वसरामला वाकावं लागलं. "म्हणून तर... चुडा चढला की हात धड दुमडत न्हाई. याडीचा बघते ना मी. डोईवरची घागर उतरवतानाबी तिला तकलीफ व्हती. असल्या हातानं धोंडा कसा धरू?"

"चढताना उतरवून ठेवायचा."

रूपाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. "नवरा जित्ता असताना?"

वसरामने जीभ चावली. नवरा गेल्यावरच चुडा उतरतो, हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

दूर कुठेतरी गाडीच्या चाकाची करकर चालली होती.

"मग गाठोडं परत दे," तो अखेर म्हणाला. आवाज थकलेला होता, पण रुसलेला नव्हता. "मला तू पायजे, रूपा. लई पायजे. पण धोंडा सोडून आलीस, तर घरात निस्ता तुझा थकवा यील. मग मीबी मालकच झालो."

रूपाने गाठोडं उचललं, पण देईना. त्यानेही हात पुढे केला नाही. शेवटी तिने ते दोघांच्या मधे मातीत ठेवलं.

जिवनने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग गाठ सोडली आणि एकेक बांगडी हातांत चढवू लागली.

"ठेव ते, लेकरू," रूपा म्हणाली. "आपुन घालू नये."

जिवनने ऐकलं नाही. मोठ्या दंडाच्या बांगड्या त्या. तिच्या कोपरांवर घसरून तिथेच अडकल्या. हात काठीसारखे ताठ झाले. तशीच ती धोंड्यापाशी गेली. हात दुमडून अंग वर ओढता येईना. तेव्हा तिने हात ताठच ठेवून नुसतं वरच्या खाचेला लटकून पाहिलं, आणि पाय एकेक वर आणले. पाय आधी, मग हात. हाडं दगडावर खटखट वाजत होती. वसराम खाली दोन्ही हात पसरून उभा होता. रूपा तिचे पाय बघत होती, आणि नकळत स्वतःच्या तळहातांना माती चोळत होती.

जिवन माथ्यावर पोचली. धापा टाकत तिने खाली वाकून पाहिलं.

"हात दुमडत न्हाई तर पायानं यायचं," ती म्हणाली.

आणि मग तिने काय केलं? ती धोंड्याच्या पार कडेला सरकून बसली, म्हणजे मधे दोन माणसांपुरती जागा होईल.